मोटारीतला जळका वास : कारणे आणि निदानाचा इतिहास

चालत्या मोटारीत येणारा जळका वास बहुतेक वेळा तीनपैकी एका बिघाडाचा पुरावा असतो. एक तर दोन भाग एकमेकांवर नको तितके घासत असतात, किंवा तेल वा पाणी तापलेल्या धातूवर गळत असते, किंवा वायरमधून तिला झेपेल त्यापेक्षा जास्त वीज वाहत असते. कोणता पदार्थ जळतो आहे यावर वास ठरतो. म्हणून वासावरून बिघाड ओळखण्याची विद्या मोटारीत वापरल्या गेलेल्या पदार्थांबरोबर बदलत आली. लाकूड, चामडे, सूत, ॲस्बेस्टॉस, लाख, बॅकेलाइट, रबर आणि प्लास्टिक असा हा क्रम आहे. यातला प्रत्येक पदार्थ आला तेव्हा त्याचा स्वतःचा वास घेऊन आला, आणि गाडी चालवणाऱ्यांना व दुरुस्त करणाऱ्यांना तो नव्याने ओळखायला शिकावे लागले.

लाकूड आणि चामडे

सुरुवातीच्या मोटारींनी ब्रेक घोडागाडीकडून घेतला. चाकावर दाबला जाणारा लाकडी ठोकळा एवढेच त्याचे स्वरूप होते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या. सुमारे शंभर किलोमीटरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास मानला जातो. वाटेतल्या उतारांवर लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा त्यांनी एका गावात चर्मकाराकडून त्यांच्यावर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला लायनर बसवल्याची ही पहिली नोंद मानली जाते. परतल्यावर चढासाठी आणखी एक गिअर हवा, अशी सूचनाही त्यांनी पतीला केली.

चामड्याची मर्यादा उघड होती. ते लवकर तापते, आक्रसते, करपते, आणि करपले की गुळगुळीत होऊन पकड सोडते. इंग्लंडच्या डोंगराळ डर्बीशर परगण्यात हर्बर्ट फ्रूड यांनी हा प्रश्न गाडीवानांजवळ पाहिला. उतारावर घसरू पाहणारी गाडी आवरायला गाडीवान लाकडी ठोकळ्यांवर जुने बूट बांधत. फ्रूड यांनी १८९७ मध्ये राळेत भिजवलेल्या सुती पट्ट्यांचे लायनर बनवण्याचा उद्योग सुरू केला. सूत चामड्यापेक्षा टिकाऊ ठरले, पण मोटारींचा वेग वाढताच तेही करपू लागले. १९०८ च्या सुमारास त्यांनी न जळणारा खनिज धागा हाती घेतला. तो ॲस्बेस्टॉसचा होता.

याच काळात फोर्डची मॉडेल टी बाजारात आली. तिच्या गिअरपेटीत सुती अस्तराचे पट्टे इंजिनाच्याच तेलात काम करत, आणि पायाचा ब्रेकही त्यांतल्याच एका पट्ट्यावर चाले. लांब उतारावर चालक ब्रेकच्या पट्ट्याला विसावा देण्यासाठी मंद गिअरचे आणि रिव्हर्सचे पेडलही आलटून पालटून दाबत. करपलेल्या सुताचा आणि तेलाचा मिश्र वास आला की पट्टे आवळायची किंवा बदलायची वेळ आली, हे त्या पिढीतल्या चालकाला कळत असे.

ॲस्बेस्टॉसचे लायनर

ॲस्बेस्टॉसच्या धाग्याला पितळी तार आणि चिकट राळ यांची जोड मिळाली. १९०७ मध्ये लिओ बेकलँड यांनी फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून बॅकेलाइट बनवले. त्याच जातीच्या राळेने पुढे लायनरमधले सगळे घटक एकत्र बांधले गेले. आज ‘ब्रेक जळाल्याचा वास’ म्हणून जो तिखट, घशाला लागणारा वास ओळखला जातो, तो मुख्यतः या राळेचा आहे. ॲस्बेस्टॉस जळत नाही, पण त्याला धरून ठेवणारी राळ तापमान वाढले की विघटित होऊ लागते. त्यातून निघणारा वायू लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये येतो, पकड कमी होते, आणि पाय दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. म्हणून हा वास ब्रेक पूर्ण निकामी होण्याआधी मिळणारी सूचना ठरतो.

लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेकला आजचे रूप दिले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रम बंदिस्त असल्याने त्यात उष्णता कोंडते, तर उघडी डिस्क वाऱ्याने निवते. तरीही डिस्क ब्रेक रुळायला अर्धे शतक गेले. १९५३ ची ल मां शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली, आणि त्यानंतर मोटार कंपन्यांचा कल तिकडे वळला. भारतात ड्रम ब्रेक फार काळ टिकले. फियाट आणि ॲम्बॅसडर या दोन्ही गाड्यांची बहुतेक हयात ड्रमवरच गेली.

या प्रगतीची किंमत कारागिरांनी मोजली. लायनर बदलताना ड्रममधली भुकटी तोंडाने किंवा दाबाच्या हवेने उडवली जाई. ॲस्बेस्टॉसचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात रुततात आणि त्यांतून होणारे आजार कित्येक दशकांनी दिसू लागतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्यरक्षणाबाबत महत्त्वाचा निकाल दिला. अमेरिकेने पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या वापरावर २०२४ मध्ये बंदी घातली. आज बहुतेक नव्या गाड्यांच्या पॅडमध्ये काचतंतू, अरामिड धागा, धातूचा कीस किंवा सिरॅमिक असते. पण जुने लायनर उतरवणाऱ्याने भुकटी उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, हा नियम कायम आहे. ज्यांच्या नाकावर गाड्यांचे निदान चालले त्यांच्याच छातीत ही भुकटी गेली, याची नोंद या धंद्याच्या इतिहासात व्हायलाच हवी.

घाट आणि ब्रेक

महाराष्ट्रात हा वास सर्वाधिक ओळखीचा आहे तो घाटांमुळे. मुंबई आणि पुणे यांना जोडणारा बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा त्यावर बैलगाड्या आणि टांगे धावत होते. शतकभराने त्याच वळणांवर मोटारी आणि मालमोटारी आल्या. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत रस्ता साधारण ५५० मीटर खाली उतरतो. दीड हजार किलो वजनाची मोटार हा उतार केवळ ब्रेकवर उतरली, तर सुमारे ८० लाख ज्यूल उष्णता चार चाकांत निर्माण होते. साधारण २४ लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता लागते. १६ टनांच्या मालमोटारीत ती दहापटीहून अधिक होते.

या उष्णतेवर उपाय इंजिनाकडे आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, ही शिकवण एसटीच्या आणि मालमोटारींच्या चालकांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर धावली. पुढे कशेडी, आंबेनळी, फोंडा, आंबा असे घाट एसटीच्या रोजच्या वाटेवर आले. या शिकवणीच्या उलट वागणे, म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे, हे घाटातल्या ब्रेक निकामी होण्याचे ठळक कारण आहे.

तापलेल्या लायनरपाठोपाठ दुसरा धोका ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते. नळीत वाफ झाली की पेडल थेट खाली जाते. कोकणातल्या दमट हवेत हे तेल ठरलेल्या मुदतीत बदलणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

घाट नसताना ब्रेकचा वास आला, तर हँडब्रेक ओढलेला राहिला आहे का हे आधी पाहावे. तसे नसेल आणि एकाच चाकापाशी वास व धग जाणवत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक जॅम झाला आहे. कॅलिपरचा पिस्टन अडकणे, व्हील सिलिंडर गंजणे किंवा हँडब्रेकची केबल न सुटणे ही त्याची नेहमीची कारणे. अशा चाकावर पाणी ओतू नये; तापलेली डिस्क किंवा ड्रम अचानक थंड झाल्यास तडकू शकतो. नवे पॅड बसवल्यावर थोडे अंतर येणारा सौम्य वास मात्र स्वाभाविक असतो.

क्लच

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींत शंकूच्या आकाराचा क्लच असे आणि त्यावर चामडे मढवलेले असे. चामडे कोरडे पडले की क्लच झटक्याने धरे, म्हणून त्याला एरंडेल तेल चोळत. तेल जास्त झाले की तो घसरे आणि चामडे करपे. मग त्यावर मुलतानी माती शिंपडून जादा तेल टिपून घेत. १९२० च्या दशकात कोरड्या एकेरी प्लेटचा क्लच रुळला. या प्लेटवरचे अस्तर ब्रेक लायनरच्याच जातीचे होते, त्यामुळे ब्रेक आणि क्लच यांचे वास एकमेकांसारखे झाले. ते वेगळे ओळखण्याची खूण वासात नसून तो कधी येतो यात आहे. ब्रेकचा वास उतारावर येतो, क्लचचा चढावर किंवा गर्दीत.

क्लच जळण्याचे मुख्य कारण चालकाची सवय असते. चढावर ब्रेक न लावता गाडी हाफ क्लचवर धरून ठेवणे आणि चालवताना डावा पाय पेडलवर टेकवून ठेवणे या दोन सवयींनी प्लेट अर्धवट घासत राहते. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, ही क्लच प्लेट झिजल्याची सोपी चाचणी आहे. एकदा वास आला आणि गाडी निवल्यावर पकड पूर्ववत झाली, तर सवय सुधारणे पुरते. पकड परत आली नाही, तर क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट दोन्ही बदलावी लागतात.

तेल आणि पाणी

विसाव्या शतकाच्या आरंभी शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल तेल वापरले जाई आणि त्याच्या जळण्याचा वास शर्यतीच्या मैदानांची ओळख बनला होता. खनिज तेल आल्यावर तो वास मागे पडला. सिलिंडर हेडवरचे टॅपेट कव्हर आणि हेड यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाचे पॅकिंग असे. ते सुकले की तेल पाझरून शेजारच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पडे. पॅकिंग आता रबराचे असते, पण उष्णतेने तेही कडक होते आणि गळतीची जागा तीच राहते. तेल जळल्याचा वास जड आणि धुरकट असतो. इंजिन गरम झाल्यावर आणि गाडी सिग्नलला उभी असताना तो जास्त जाणवतो, कारण तेव्हा वारा त्याला मागे नेत नाही. तेल बदलताना मॅनिफोल्डवर सांडलेले थेंब जळून गेले की वास थांबतो. तो थांबला नाही तर पॅकिंग किंवा ऑइल सील पाहावे लागते.

गिअर ऑइलचा वास वेगळा असतो, कारण जास्त दाब सोसणाऱ्या दात्यांसाठी त्यात गंधकाची संयुगे मिसळलेली असतात. गोडसर वास आला तर कूलंट गळत आहे असे समजावे. रेडिएटरमध्ये पूर्वी साधे पाणी, थंड देशांत अल्कोहोल मिसळलेले पाणी घालत. १९२७ पासून एथिलीन ग्लायकॉलचे कूलंट बाजारात आले आणि हा गोडसर वास त्याच्याबरोबर आला. तो गाडीच्या आत येऊन काचेवर चिकट धुके धरत असेल, तर हीटरची जाळी फुटलेली असते. गरम रेडिएटरचे झाकण उघडणे धोक्याचे आहे. आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून अंगावर येते.

पट्टे

पंखा फिरवणारा पट्टा मॉडेल टीच्या काळात सपाट चामड्याचा होता. १९१७ मध्ये अमेरिकेतील गेट्स कंपनीने इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा रबरी पट्टा काढला. तो पुलीच्या खाचेत घट्ट बसे आणि घसरत नसे. १९७० च्या दशकाच्या शेवटी एकाच लांब पट्ट्यावर अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर चालवण्याची पद्धत आली. त्यामुळे एक पुली अडकली की सगळे काम थांबू लागले.

जळक्या रबराच्या वासाबरोबर किंचाळल्यासारखा आवाज आला, तर पट्टा घसरत आहे. पट्टा ढिला असेल तर ताणून काम भागते. पण एसी लावल्यावरच वास येत असेल तर कॉम्प्रेसरची बेअरिंग जाम झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा एसी बंद ठेवून गॅरेज गाठावे. सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवीही रबरासारखाच वास देते, म्हणून गाडीखाली वाकून पाहणे ही पहिली तपासणी.

वायरिंग

कॅडिलॅक गाडीत १९१२ मध्ये विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर आला आणि मोटारीत मोठा विद्युतप्रवाह खेळू लागला. त्या काळच्या तारांवर रबराचे आवरण आणि सुताची वीण असे. डायनामोच्या वेढ्यांना लाखेचे व्हार्निश लावलेले असे. जळकी लाख आणि करपलेले सूत हे त्या काळातल्या वायरिंगच्या बिघाडाचे वास. बॅकेलाइटचे भाग तापले की मासळीसारखा वास येतो, आणि आजही तापलेल्या सॉकेट व स्विचमधून तो येतो. १९२६ मध्ये वॉल्डो सिमन यांनी पीव्हीसी मऊ करण्याची रीत शोधली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पीव्हीसी आवरणाच्या तारा सर्वत्र आल्या. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती डोळ्यांना आणि नाकाला झोंबते.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गाडीबरोबर आलेल्या ६० वॅटच्या दोन दिव्यांऐवजी १०० वॅटचे बसवले, तर प्रवाह सुमारे १० अँपिअरवरून १७ वर जातो आणि त्याच तारेत उष्णता जवळजवळ पावणेतीन पट होते. भारतात जोरदार हॉर्न, मोठे दिवे आणि संगीताच्या यंत्रणा रिले न लावता मूळ वायरिंगवरच जोडण्याची पद्धत फार पसरली. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार किंवा चंदेरी कागद घालण्याची सवयही तशीच. फ्यूज उडतो तो तार वाचवण्यासाठी. त्याला बगल दिली की तारच फ्यूज बनते. पावसाळ्यात उबेसाठी बोनेटखाली शिरणारे उंदीरही तारांचे आवरण कुरतडतात आणि शॉर्टसर्किट घडवतात.

विजेच्या जळक्या वासात वाट पाहण्याला जागा नसते. गाडी थांबवून इंजिन आणि सगळे स्विच बंद करावेत, सर्वांना उतरवावे, आणि धूर नसेल तरच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. बोनेटखालून धूर येत असेल तर बोनेट पूर्ण उघडू नये. आत गेलेली हवा आग भडकवते.

उत्प्रेरक

अमेरिकेत १९७५ पासून आणि भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याने कुजक्या अंड्यांसारखा एक नवा वास आणला. पेट्रोल अर्धवट जळून कन्व्हर्टरमध्ये गेले की इंधनातल्या गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड बनतो. दोष बहुधा प्लग, इंजेक्टर किंवा सेन्सरमध्ये असतो. तो दुर्लक्षिला तर कन्व्हर्टर लालबुंद होऊन निकामी होतो. तापलेल्या कन्व्हर्टरखाली वाळलेले गवत पेटू शकते, म्हणून उन्हाळ्यात माळावर गाडी उभी करताना जागा पाहावी.

मिस्त्री आणि यंत्र

मुंबईत परळ आणि माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांमुळे फिटर आणि टर्नर यांच्या कामाची परंपरा आधीपासून होती. १९२८ मध्ये शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना सुरू झाला, १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि मोटार दुरुस्ती हा हजारो घरांचा धंदा झाला. त्यातले बहुतेक कसब उस्तादाच्या हाताखाली शिकले जाई. १९५० पासून आयटीआयच्या प्रशिक्षणाने त्याला अभ्यासक्रमाची जोड दिली. मिस्त्री निदानाची सुरुवात प्रश्नांनी करी, आणि चांगला मिस्त्री आजही तशीच करतो. वास गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर? चढावर की उतारावर? ब्रेक दाबल्यावर, क्लच सोडताना की एसी लावल्यावर? आत येतो की बाहेर, आणि कोणत्या चाकाजवळ? या चार प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक कारणे निवडली जातात.

२०१० च्या दशकात भारतातल्या गाड्यांत ओबीडी यंत्रणा रुळली आणि स्कॅनर अनेक गॅरेजांत आला. तो इंजिन, सेन्सर आणि कन्व्हर्टरचे दोष दाखवतो. पण जॅम झालेला ब्रेक, मॅनिफोल्डवर गळणारे तेल किंवा बाहेरून जोडलेल्या हॉर्नची तापलेली वायर त्याच्या नोंदीत बहुधा येत नाही. तिथे नाकच लागते.

विजेवरच्या गाड्यांत मोटरच जनित्रासारखी चालवून वेग कमी करता येतो, त्यामुळे ब्रेकचा वास कमी झाला. क्लच आणि इंजिन ऑइल तर उरलेच नाहीत. पण लिथियम बॅटरीतला द्रव गळू लागला की विद्रावकासारखा गोडसर वास येतो, आणि त्यानंतर आग फार वेगाने पसरू शकते. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्यात एक विजेवरची स्कूटर पेटली. त्या वर्षी अशा घटना वाढल्यावर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. अशा गाडीत हा वास आला तर तपासणी करत बसू नये. दूर जावे आणि अग्निशमन दलाला कळवावे.

पदार्थ बदलले, वास बदलले, पण सव्वाशे वर्षांत एक गोष्ट बदललेली नाही. जळका वास बिघाड मोठा होण्याआधी येतो, आणि त्या मधल्या काही मिनिटांत गाडी थांबवली तर दुरुस्ती लायनर, पॅकिंग किंवा पट्ट्यापुरती राहते. चालकाने काचा उघडून वास जाऊ देऊ नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून तो कुठून येतो हे शोधावे, आणि कारण सापडल्याशिवाय पुढे निघू नये.